प्राणी, प्लास्टर, नग ७

विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात यंदा उन्हाळ्यात निर्लेखन निघालं. अनुदानित संस्थेत ज्यांनी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगते: निर्लेखन म्हणजे जडसंग्रह नोंदवहीत चढलेली, पण आता कामाची न उरलेली वस्तू रीतसर वहीतून खोडणं. समिती बसते. मोडकी बाकं, गंजलेले बर्नर, एक पारडं हरवलेले तराजू यांची यादी होते, सह्या होतात आणि मग भंगारवाल्याला निरोप जातो. या वेळच्या यादीत भूगर्भशास्त्राच्या बंद पडलेल्या खोलीतली एक ओळ होती: ‘प्राणी, प्लास्टर, नग ७’. हे सात नग म्हणजे वीतभर ते हातभर लांबीचे, रंगवलेले डायनासोर आणि त्यांच्या आगचे-मागचे काही प्राणी. एरवी कुणाला पत्ताही लागला नसता. पण समितीतल्या एका सरांनी ‘हे भंगारात कसे काय देता?’ असं विचारलं, दुसऱ्यांनी ‘मग काय पूजा करायची?’ असं उत्तर दिलं, आणि महिनाभर गावात तोच विषय. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत, स्टँडवरच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

एका बाजूचं म्हणणं असं, की हे प्राणी चुकीचे आहेत. आजचं विज्ञान असं सांगत नाही, पोरं चुकीचं शिकतील, शिवाय सगळे विलायती. आपला त्यांच्याशी संबंध काय? ते काढा आणि गेटवर फायबरचा मोठा, जबडा उघडलेला डायनासोर उभा करा. दुसरी बाजू म्हणते, हा वारसा आहे, जुनं ते सोनं, संस्थापकांनी हौसेनं आणलेली वस्तू आहे, आणि बाहेर विकायला काढली तर लाखो रुपये येतील. पहिल्यांना ते पाठ्यपुस्तक वाटतं, दुसऱ्यांना दागिना. शेजारच्या हायस्कुलात मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि दरवर्षी नववीची मुलं घेऊन त्या कपाटासमोर उभी राहिले, म्हणून या वादात तोंड घालण्याचा थोडा हक्क मला आहे असं समजते. माझं मत आधीच सांगून टाकते. सातही नग ठेवले पाहिजेत, आणि ते चुकीचे आहेत याच कारणासाठी ठेवले पाहिजेत.

हे वाकडं बोलणं वाटेल, म्हणून सातांपैकी एक नग हातात घेऊ. तो इग्वानोडॉन आहे, एक शाकाहारी डायनासोर. करडा-हिरवा रंग, पाठीवर पोपडे उडालेले, एक पंजा कुणीतरी फेविकॉलनं चिकटवलेला. मागच्या दोन पायांवर तो कांगारूसारखा ताठ उभा आहे आणि जाड शेपटी जमिनीवर टेकलेली आहे, तिवईच्या तिसऱ्या पायासारखी. पुढच्या पंजाचा अंगठा खिळ्यासारखा वर आलाय. वहीत त्याच्यापुढे ना साल, ना करणाऱ्याचं नाव. तरी तो कोणत्या काळातल्या समजुतीवर घडवलाय हे सांगता येतं. १८५४ मध्ये लंडनजवळ सिडनहॅमला, क्रिस्टल पॅलेसच्या बागेत, बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकारांनी जगातले पहिले पूर्णाकृती डायनासोर उभे केले. शास्त्रीय सल्ला शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांचा. ‘डायनासोर’ हा गट १८४२ मध्ये त्यांनीच नावारूपाला आणला होता. एका उभ्या इग्वानोडॉनला ६०० विटा लागल्या होत्या, कौलं आणि सिमेंटची पिपं वेगळी. हे बांधकाम होतं, शब्दशः. तो इग्वानोडॉन गेंड्यासारखा चार पायांवर होता आणि त्याच्या नाकावर शिंग होतं. हॉकिन्स यांनी याच प्राण्यांच्या टेबलावर मावतील अशा छोट्या प्रतीही केल्या. अमेरिकेत रॉचेस्टरचे हेन्री वॉर्ड त्या आपल्या कॅटलॉगातून कॉलेजांना आणि संग्रहालयांना विकत, आणि कुठल्या कुठल्या जुन्या संग्रहांत त्या आजही आहेत, नाकावरच्या शिंगासकट.

मग १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार गावी, आपल्या माजरी-घुग्घुससारख्याच कोळशाच्या पट्ट्यात, ३०० मीटरहून खोल खाणीत इग्वानोडॉनचे तीसहून अधिक सांगाडे लागले. ब्रुसेल्सला लुई डोलो यांनी ते जुळवले तेव्हा नाकावरचं शिंग अंगठ्यावर गेलं. उभं कसं करायचं हे ठरवायला त्यांनी कांगारूच्या जातीतल्या प्राण्याचा आणि कॅसोवरी पक्ष्याचा सांगाडा शेजारी ठेवला होता, म्हणून तो कांगारूसारखाच उभा राहिला. पुढे शंभरेक वर्षांनी लक्षात आलं, की त्याच्या शेपटीतले स्नायुबंध हाडासारखे टणक होते. डोलोंनी दाखवली तशी शेपटी वाकवायची तर मोडावीच लागेल. आज इग्वानोडॉनची शेपटी हवेत, पाठीच्या रेषेत दाखवतात. आता कपाटातल्या नगाकडे परत या. अंगठा सांगतो, ही समजूत १८७८ नंतरची. टेकलेली शेपटी सांगते, ती १९७०-८० च्या अलीकडची नाही. जे बरोबर आहे त्यावरून एकच टोक कळलं. दुसरं टोक चुकीनं दाखवलं. कोणत्याही कोऱ्या, निर्दोष मॉडेलला ही तारीख अंगावर वागवता येत नाही.

पुस्तकातही जुन्या चुका असतात, मग मॉडेलचं एवढं काय, असं आमच्या एका मित्रांनी विचारलं. फरक आहे, आणि तो मातीत हात घातलेल्याला लगेच कळतो. लिहिणारा माणूस ‘बहुधा’ म्हणून सुटतो. ‘शेपटीची ठेवण निश्चित सांगता येत नाही’ असं वाक्य टाकून पुढच्या परिच्छेदात जातो. प्लास्टरमध्ये ‘बहुधा’ लिहिता येत नाही. शेपूट एकतर जमिनीला टेकेल, नाहीतर टेकणार नाही. पायाला किती बोटं, पोट किती खाली लोंबतं, कातडी कशी, मान कुठवर वळते, घडवणाऱ्याला प्रत्येक इंचावर निर्णय द्यावा लागतो, माहीत असो वा नसो. प्राचीन प्राण्यांची चित्रं काढणारे अमेरिकेतले चार्ल्स नाइट चित्र रंगवण्याआधी प्राण्याचं छोटं मॉडेल करत आणि उजेडात धरून सावली कुठे पडते ते बघत. नजर अधू असलेला तो माणूस हातानं विचार करत होता. म्हणून असं मॉडेल त्या काळाच्या ज्ञानाचा सगळ्यात प्रांजळ कागद असतो. त्यात पळवाट नसते.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा. तो मी कमी लेखणार नाही, कारण तो खरा आहे. चित्र डोक्यात बसतं ते सूचनेच्या पाटीनं उठत नाही. लंडनच्या मुलाला सिडनहॅमचा शिंगवाला इग्वानोडॉन दिसला, तर तो दुसऱ्या दिवशी मोठ्या संग्रहालयात जाऊन नवा बघतो. आमच्या मुलांचं काय? नागपूरला रमण विज्ञान केंद्राची सहल निघाली तर निघाली, तीही सगळ्यांना परवडत नाही. त्यांच्या आयुष्यात डायनासोरचं एकच मॉडेल येणार आणि तेच चुकीचं असणार. एका निवृत्त सरांनी यावर तान्ह्या पोळ्याचा दाखला दिला. ते म्हणाले, पोळ्याच्या पाडव्याला आपली पोट्टी लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा मागतात. त्या बैलाला खुरांच्या जागी चाकं, गुडघे नाहीतच, वशिंड निम्म्या धडाएवढं. कुणी म्हणतं का, की मुलं चुकीचा बैल शिकली? ऐकायला गोड आहे, पण दाखला लंगडा आहे. लाकडी बैल चालतो, कारण गोठ्यात खरा बैल आहे. इग्वानोडॉनसाठी कुणाच्या घरी गोठा नाही.

पण मग गोठा बांधायला हवा, की लाकडी बैल जाळायला हवा? मला याचं उत्तर एका मुलानं दिलं, आणि ते मी कोणत्याही प्रशिक्षणात शिकले नव्हते. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीचा वर्ग कपाटासमोर, मी ठरलेलं भाषण देतेय. एक मुलगा, सुट्टीत बकऱ्या राखणारा, वर्गात एरवी तोंड न उघडणारा, त्या शेपटीकडे बघत म्हणाला, ‘मॅडम, घोरपड गेली का धुळीत शेपटीची रेघ पडते. मंग याची रेघ सापडली का जी कुठं?’ मला उत्तर माहीत नव्हतं. मी ‘उद्या सांगते’ म्हटलं, शिक्षकांचं हे जुनं शस्त्र. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, की डायनासोरच्या पावलांचे ठसे जगभर हजारोंनी सापडलेत आणि शेपूट ओढल्याची रेघ त्यांत क्वचितच दिसते. शेपटी उचलायला लावणाऱ्या पुराव्यांपैकी हा एक मोठा पुरावा. म्हणजे बकऱ्या राखणाऱ्या पोरानं मॉडेलची चूक स्वतः धरली, आणि योग्य वाटेनं धरली. समोर बरोबर मॉडेल असतं तर त्यानं काय विचारलं असतं? शेपटी हवेत आहे, ठीक आहे, पुढे चला. चुकीच्या मॉडेलनं त्याला घोरपड आठवली. मुलांच्या डोक्यात चूक बसते हे खरं, पण ती गप्प बसवली तरच बसते. गोठा म्हणजे महागडी वस्तू नव्हे. पावलांच्या ठशांचं एक चित्र, सांगाड्याची एक आकृती, आणि ‘यात काय चुकलंय ते शोधा’ असं म्हणणारं कुणीतरी, एवढ्यावर भागतं. हे कुणीतरी नसलं तर मात्र गेटवरचा डायनासोरही काही शिकवणार नाही.

गेटवरच्या डायनासोरचा विषय निघालाच आहे तर तोही बघू. कोणता प्राणी ठरलाय माहीत आहे? टी. रेक्स. उत्तर अमेरिकेतला. तो विदर्भात कधी नव्हता, भारतातच नव्हता. विलायती म्हणून सात नग काढायचे आणि त्यांच्या जागी अमेरिकी आणायचा, हे तर्कशास्त्र मला अजून उमगलेलं नाही. बरं, आजचं विज्ञान आहे म्हणून तरी तो कायम बरोबर राहील का? न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयानं १९१५ मध्ये टी. रेक्सचा खरा सांगाडा शेपूट टेकवून उभा केला होता. जगातले सगळ्यात जाणते लोक त्यांच्याकडे होते. १९९० च्या दशकात तोच सांगाडा सोडवून, आडवा करून पुन्हा जुळवावा लागला. जो आज फायबरचा उभा राहील तो उद्याचा ‘प्राणी, फायबर, नग १’ आहे. मग तेव्हाची समिती काय करणार?

दुसरा आक्षेप परकेपणाचा, आणि इथे मला आक्षेप घेणाऱ्यांचा राग समजतो. आपल्या जमिनीतलं खरं ते बाहेर गेलं आणि बदल्यात आपल्याला काय मिळालं, तर प्लास्टर. नागपुरात १८४५ पासून राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं आज नागपुरात कॉलेज आहे, ते या भागात हिंडून दगडातली हाडं, पानं, शिंपले गोळा करत. मांगलीच्या खडकातून मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी त्यांच्यामार्फत लंडनला गेली आणि १८५० च्या दशकात तिचं वर्णन करून ‘ब्रॅकिऑप्स’ हे नाव दिलं ते रिचर्ड ओवेन यांनी. तेच ओवेन, सिडनहॅमचे सल्लागार. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात वाहून गेले. नागपूरचा अजबबंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय, त्याच वर्षीचा. पुढे वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीतून १९८० च्या दशकात एका मोठ्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा निघाला. तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेला आणि आज त्याचं नाव आहे ‘आयसिसॉरस’, संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. डोंगरगावच्या प्राण्याच्या नावात कोलकात्याची संस्था आहे, डोंगरगाव नाही. हे बोचतं. खोदलं त्यांनी, अभ्यास त्यांनी केला, नावात असण्याचा मान त्यांचाच, हे सगळं मान्य करूनही बोचतं.

पण या रागाचा निकाल कपाट रिकामं करून कसा लागतो? सिडनहॅमच्या बागेत बेडकासारखा फुगलेला एक प्राणी आहे, लॅबिरिंथोडॉन. मांगलीचा ब्रॅकिऑप्स त्याच मोठ्या गोतातला. लंडनमध्ये त्या गोताला बेडकाचा आकार देणं चाललं होतं, त्याच सुमारास आमच्या मातीतली त्यांच्या चुलतभावाची चपटी कवटी ओवेन यांच्या टेबलावर होती. पुढे त्या बेडकाचा मगरीसारखा लांबट, शेपटीवाला प्राणी झाला. ज्या चुका आपण विलायती म्हणून हिणवतो, त्या दुरुस्त करणाऱ्या दगडांत विदर्भाचेही दगड आहेत. आणि हे सगळ्यात ठळक दिसतं ते पिजदुऱ्यात.

पिजदुरा हे वरोरा तालुक्यातलं गाव. कापूस, सोयाबीन, तूर. पहिल्या पावसानंतर शेतात चालत गेलं तर ढेकळांमध्ये करडे, वाटोळे, कधी मुरड पडलेले दगड दिसतात. हातात घेतले तर दगडच, जड आणि थंड. ही डायनासोरची विष्ठा आहे, दगड झालेली. शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या बायकांना मी हा दगड दाखवलाय. त्यांना समजवावं लागत नाही, पीळ बघूनच हसतात. या दगडांतला ऐवज लखनौच्या वंदना प्रसाद, चंदीगडचे अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. त्यात गवताच्या पात्यातले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. निंदण करताना पात्यानं बोट कापतं ना, ते याच सिलिकामुळे. २००५ मध्ये हे ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात छापून आलं. तोपर्यंत समजूत अशी, की गवत डायनासोर संपल्यावर पसरलं. डायनासोरच्या पायाखाली गवत दाखवणं ही चित्रकाराची आणि मॉडेलकाराची ढोबळ चूक धरली जायची. संग्रहालयांच्या देखाव्यांत पायाखाली नेचे आणि चिखल असायचा, हिरवळ नसायची. ती समजूत वरोरा तालुक्यातल्या शेणानं मोडली.

आता आमच्या कपाटातल्या सात नगांकडे पुन्हा बघा. प्रत्येकाच्या पायाखाली एक लहानसा चौथरा आहे, तपकिरी रंगाचा, त्यावर दोनचार नेचे कोरलेले. गवताचं पातं नाही. कॉलेजपासून तासाभराच्या रस्त्यावर जी गोष्ट शेतात पडून होती, ती या चौथऱ्यावर नाही. विदर्भातल्या मुलाला आपल्या मातीचं मोल सांगायला याहून चांगलं साधन मला दाखवा. ‘आमच्याकडेही डायनासोर होते’ ही बढाई गेटवरचा पुतळा मारू शकेल. ‘जगाची समजूत अशी होती आणि ती पिजदुऱ्यानं बदलली’ हे सांगायला जुनी समजूत समोर ठेवावी लागते. तीच फेकली तर बदललं काय ते कशावर दाखवणार?

आणि ज्यांना वाटतं, की जुनं चुकीचं ठरलं की त्याचं काम संपलं, त्यांनी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये एक दुपार काढावी. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा वाद असो, निस्ताराचा, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांचा असो की झुडपी जंगलाचा, वकील काय मागतात? शंभर वर्षांपूर्वीच्या जमीन-महसूल बंदोबस्ताची मिसल, म्हणजे नकाशा आणि नोंदींची फाईल. त्या नकाशातला नाला आज तिथून वाहत नाही, मालगुजार गेले, मालगुजारी गेली, गावाची वस्तीही सरकली. नकाशा आजच्या जमिनीशी जुळत नाही, म्हणून तो जाळा असं कुणी म्हणतं का? तो जुळत नाही म्हणूनच कोर्टात चालतो. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश घ्या. त्यातले कितीतरी अर्थ आज कुणी त्या अर्थानं वापरत नाही, तरी मराठीवर काम करणारा माणूस तो उशाशी ठेवतो. शब्द तेव्हा कुठे उभा होता हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

प्राण्यांच्या बाबतीत दोन्ही वाटा आधी चालून झालेल्या आहेत. सिडनहॅमनंतर हॉकिन्स न्यूयॉर्कला गेले. तिथे सेंट्रल पार्कमधल्या नव्या संग्रहालयासाठी ते अमेरिकेतल्या प्राचीन प्राण्यांच्या मूर्ती घडवत होते. शहराच्या राजकारणात तो बेत बारगळला आणि १८७१ च्या मे महिन्यात मजुरांनी कार्यशाळेत शिरून मूर्ती आणि साचे हातोड्यांनी फोडले. अमेरिकेतल्या डायनासोरांना हातात घेऊन घडवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. त्यात काय साधलं होतं, काय फसलं होतं, हे आज कुणालाच नीट तपासता येत नाही. उलट सिडनहॅमचे चुकीचे प्राणी जागेवर राहिले. ब्रिटननं २००७ मध्ये त्यांना संरक्षित वास्तूंचा सर्वोच्च दर्जा दिला. २०२० मध्ये त्यांच्यातल्या मेगालोसॉरसचा जबडा गळून पडला, तेव्हा पुढच्या वर्षी दुरुस्ती करणाऱ्यांनी आजच्या विज्ञानाप्रमाणे नवा जबडा बसवला नाही. १८५४ मध्ये होता तसाच, चुकीचा, बसवला. हा मूर्खपणा होता का? मला तर याच्याइतका शहाणा खर्च क्वचित दिसतो.

‘ठेवा’ म्हणणाऱ्या मंडळींशीही माझं भांडण आहे, ते अर्धवट सोडत नाही. वारसा, वारसा म्हणताना ते कायद्याचं नाव घेतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे आणि आमचे नग तेवढे जुने असल्याचा कागद कुणाकडे नाही. बरं, उद्या त्यांना कुणी खरंच लाख रुपये देऊ केले तर काय करणार? विकणार! म्हणजे किंमत हे ठेवण्याचं कारण सांगता सांगता तेच घालवण्याचं कारण होतं. संस्थापकांच्या हौसेचं तसंच. संस्थापकांची खुर्चीही त्याच यादीत आहे, तिच्यासाठी कुणी रडलं नाही. आणि कुलूप लावून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. भारतात सगळ्यात आधी सापडलेली डायनासोरची हाडं ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरला मिळाली. १८७७ मध्ये त्यांवरून टायटॅनोसॉरस या डायनासोरला नाव मिळालं. मग ती हाडं बेपत्ता झाली, आणि २०१२ मध्ये कोलकात्यात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात, पुन्हा हाती लागली. शोधणाऱ्यांत नागपूरचे धनंजय मोहबे होते. ज्या हाडांवर एका प्राण्याचं नाव उभं आहे त्यांची ही गत, तर ‘प्राणी, प्लास्टर, नग ७’ची काय कथा? एवढ्या नोंदीवर सात नगांतले चार उद्या गायब झाले तर कोणते चार, हेही कुणाला सांगता येणार नाही.

जागा आणि पैसा हे मुद्दे मी सोडून देते. सात नगांना एक फळी लागते.

त्या फळीवर काय व्हावं, याची मात्र मला पक्की कल्पना आहे. प्रत्येक नगापुढे एक कार्ड, त्यावर त्याचं नाव, तो कोणत्या समजुतीवर घडला, आणि त्यातलं काय, कधी, कशामुळे बदललं. तीन ओळी, मराठीत. शेजारी पिजदुऱ्याचा एक दगड, सापडल्याच्या जागेच्या नोंदीसह. आणि आठवा नग मुलांनी करावा, आपल्या तळ्याच्या चिकणमातीचा: डोंगरगावचा आयसिसॉरस. तो करताना खरी गंमत येईल, कारण त्याची कवटी सापडलेली नाही. मागचे पायही नाहीत. पुढचे पाय लांब, मान आखूड आणि जाड, असा काहीसा चमत्कारिक प्राणी, पण डोक्याच्या जागी काय ठेवायचं? फायबरवाला कुठल्या तरी चुलतभावाचं डोकं लावून, सगळं एकाच रंगात रंगवून मोकळा होईल. मुलांनी सापडलेलं तेवढं एका रंगात करावं आणि डोकं, मागचे पाय दुसऱ्या रंगात. मग चौथऱ्यावर गवत लावायचं की नाही यावर भांडावं. वहीत नोंद करताना साल घालावं, आणि घडवणाऱ्या वर्गाचं नाव.

हे सगळं मी समितीला अर्जात लिहून दिलंय. बैठक दोनदा पुढे ढकलली. दरम्यान भंगारवाला येऊन गेला. त्यानं बाकं, बर्नर, तराजू बघितले, मग इग्वानोडॉन उचलून हातात तोलला आणि परत ठेवला. ‘प्लास्टरले भाव नाही जी,’ तो म्हणाला, ‘कपाट लोखंडाचं हाय, थे देता का?’ कपाट यादीत नव्हतं. ते यादीत घालायचं तर आतलं सामान कुठेतरी ठेवावं लागेल, आणि तेवढी दुसरी जागा कुणाला सुचली नाही. म्हणून सध्या कपाटही तिथेच आहे आणि नगही. किल्ली शिपाईभाऊंकडे असते. मागितली की देतात.